मचाणापर्यंतचे गाठोडे

थंडीच्या हंगामात मचाणावर तीन-चार तास न हलता बसण्यासाठी जे कपडे लागतात, ते अंगावर घालून मचाणापर्यंत चालत जाता येत नाही, एवढी साधी गोष्ट कळण्यात माझा शिकारीचा पहिला हंगाम जवळजवळ संपूर्ण खर्ची पडला. धनुष्य ओढण्याचा सराव मी वर्षभर केला होता, परवान्यासाठी लागणारे प्रशिक्षण पूर्ण केले होते. हरणांच्या रुळलेल्या वाटा, नरांनी शिंगे घासून सोललेली खोडे आणि खुरांनी उकरलेली माती ओळखायलाही शिकले होते. कपडे मात्र एकदा विकत घेतले की तो विषय संपला, असे मी गृहीत धरले. ते वाहून नेण्याचा प्रश्न मनात आलाच नाही, कारण कपडे ही वाहण्याची वस्तू आहे असे आपण कधी मानतच नाही.

माझा मुख्य जोड म्हणजे छातीपर्यंत येणारी, खांद्यांवरून पट्टे असलेली जाड विजार आणि मांड्यांपर्यंत लांब असे टोपीचे जाकीट. दोहोंच्या आत कृत्रिम तंतूंचा जाड थर, बाहेरून लवदार आणि आवाज न करणारे कापड, आणि त्यावर साल, फांद्या व वाळलेल्या पानांची छपाई. बायकांच्या मापात मला हवा तितका उबदार जोड मिळाला नाही, म्हणून पुरुषांच्या मापातला घेतला. त्यामुळे बाह्या आणि विजारीचे पाय चार बोटे जास्तच लांब. घरच्या काट्यावर हा जोड साडेतीन किलो भरला. वजन फार नव्हे. अडचण होती ती आकाराची. घड्या घालून, वर गुडघा टेकवून दाबला, तरी दोन भरगच्च उशा एकमेकींवर ठेवाव्यात एवढा ढीग उरत असे. हा काही शिलाईचा दोष नव्हे. ऊब देण्याचे काम तंतू करत नाहीत, तंतूंमध्ये अडकून स्थिर राहिलेली हवा करते, आणि जितकी हवा जास्त धरून ठेवायची तितका कपडा फुगीर होणारच. असा कपडा घेताना आपण बहुतांशी हवाच विकत घेतो, आणि मग तीच हवा पाठीवर वाहून नेण्याची वेळ येते.

आमचे मचाण गाडी उभी करण्याच्या जागेपासून सुमारे अडीच किलोमीटरवर होते. वाट सुरुवातीला सपाट, नंतर एका ओढ्याच्या कडेने चढत जाणारी. पहिल्या पहाटे मी उजाडण्यापूर्वी दीड तास आधी निघाले आणि जे काही होते ते सगळे अंगावर चढवून निघाले. गाडीपाशी उभी असताना तो निर्णय अगदी शहाणपणाचा वाटला, कारण तेव्हा थंडी चांगलीच बोचत होती. दहा मिनिटांत मी जाकिटाची चेन अर्धी उघडली, विसाव्या मिनिटाला पूर्ण उघडली, आणि चढ लागला तेव्हा कानटोपी काढून खिशात कोंबली. मचाणाशी पोहोचले त्या वेळी आतला सुती सदरा पाठीला चिकटलेला होता, विजारीच्या आत गुडघ्यांपर्यंत ओल होती, आणि दम लागल्यामुळे मी एवढ्या मोठ्याने श्वास घेत होते की माझे मलाच ओशाळवाणे वाटले.

वर चढून बसल्यावर पहिली वीस मिनिटे सुखाची गेली. त्यानंतर पाठीच्या मध्यापासून गारठा सुरू झाला आणि तो वाढतच गेला. कारण नंतर समजले, तरी ते अवघड नाही. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे तंतूंमधल्या हवेची जागा घामाने घेतली की तोच जाड थर निरुपयोगी होतो. शिवाय एक लिटर घाम वाळून जाताना शरीरातून सुमारे २,४०० किलोजूल उष्णता जाते. चालताना हे हवेच असते, कारण स्नायू उष्णता निर्माण करत असतात, पण बसल्यावर स्नायू थांबतात आणि वाळणे मात्र चालूच राहते. सुती कापड तर पाणी धरून बसण्यात पटाईत. साडेसात वाजता माझे दात वाजू लागले आणि आठ वाजता मी खाली उतरले. उतरताना ओढ्यापलीकडून एक मादी हरीण माझ्याकडे बराच वेळ पाहत उभी होती. धनुष्य ओढण्याइतकी ताकद बोटांत असती, तरी मी एवढी कापत होते की नेम धरणे बेजबाबदारपणाचे ठरले असते.

माझे दीर बारा वर्षांपासून परवाना काढून शिकार करतात आणि मला या नादाला त्यांनीच लावले. ते स्वतः फारसे बोलत नाहीत. मी सगळी हकीकत सांगितल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "वहिनी, कपडे अंगात घालून गेलात की काय?" मी म्हटले, "मग भाऊजी, दुसरे कुठे घालणार?" त्यावर ते हसले आणि म्हणाले, "पाठीवर." कसे, ते त्यांनी सांगितले नाही, त्यांचा स्वतःचा जोड बराच पातळ आहे, त्यांना थंडीही कमी वाजते, आणि त्यामुळे माझा प्रश्न त्यांच्यापुढे त्या रूपात कधी आलेलाच नव्हता.

दुसऱ्या वेळी मी वळकटी केली. विजार खाली पसरली, तिच्यावर जाकीट उलटे ठेवले, गुंडाळत गेले आणि सुतळीने दोन ठिकाणी आवळून ते बोचके माझ्या नेहमीच्या छोट्या सॅकच्या माथ्यावर बांधले. घरातल्या आरशात हे उत्तम दिसले. रानात शिरल्यावर मात्र लक्षात आले की माझी उंची आता माझ्या डोक्याबरोबर संपत नाही. ज्या फांद्यांखालून मी सहज जात असे त्या फांद्या वळकटीला अडकू लागल्या आणि प्रत्येक वेळी सुटताना चाबकासारखा आवाज करू लागल्या. भार खांद्यांच्या वर आणि पाठीपासून दूर असल्यामुळे ओढ्यातल्या दगडांवरून जाताना तो आधी हलायचा आणि मागून मी. निम्म्या वाटेवर एक सुतळी सैल झाली, विजारीचा एक पाय सुटला आणि बराच वेळ ओल्या पाचोळ्यातून फरपटत आला. मला ते कळले तेव्हा त्याला गुडघ्यापर्यंत कुसळे आणि गोखरू चिकटलेले होते. लवदार कापड आवाज करत नाही हे खरे, पण रानातली प्रत्येक चिकटणारी बी त्याला आपले मानते. ती कुसळे मी मचाणावर बसल्या बसल्या एक एक करून काढत होते, म्हणजे ज्या हालचाली टाळण्यासाठी तिथे बसायचे त्या सगळ्या करत होते.

या प्रकाराचे खरे गांभीर्य मात्र दिरांनी परतल्यावर दाखवून दिले. मी गाडीकडे येताना त्यांनी मला लांबून पाहिले होते. ते म्हणाले, "वहिनी, झुडपांतून नुसते तपकिरी पाठाडच दिसत होते, खालचा माणूस दिसतच नव्हता." जे कापड जनावराच्या नजरेतून माणसाला लपवण्यासाठी केलेले आहे, ते दुसऱ्या शिकाऱ्याच्या नजरेतूनही लपवते, आणि ते पाठीवर ढिगासारखे बांधले तर त्याहून वाईट घडते, कारण माणसाचा आकारच मोडतो. अर्धवट उजेडात हलणारा तपकिरी गोळा म्हणजे काय वाटेल, हे सांगायला नको. याच कारणाने अनेक ठिकाणी बंदुकीच्या हंगामात झळझळीत केशरी कपडा अंगावर ठेवणे कायद्याने सक्तीचे असते. माझा हंगाम धनुष्यबाणाचा होता आणि त्या काळात मला सक्ती नव्हती, पण त्या दिवसापासून येता-जाता मी केशरी बंडी घालते आणि पाठीवरच्या ओझ्यावरही केशरी कापड बांधते. हरणाला त्याचा फारसा त्रास होत नाही. त्याच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, तांबडा आणि केशरी त्याला वेगळे ओळखता येत नाहीत. निळा मात्र ते चांगला पाहते, आणि अतिनील प्रकाशाच्या बाजूलाही त्याची नजर आपल्यापेक्षा पुढे जाते. म्हणून कपडे धुण्याची पांढरेशुभ्र करणारी पूड, जिच्यातली रसायने अतिनील किरण शोषून निळसर चमक देतात, ती या जोडाला कधीही लावू नये. ही सूचना मला आधी वेड्यासारखी वाटली होती. आज ती मी काटेकोरपणे पाळते.

तिसरा प्रयत्न म्हणजे दाबून लहान करण्याची पिशवी. चार पट्टे ओढत गेले की आतली हवा निघून जाते आणि ढिगाचा घट्ट गोळा होतो. मला वाटले, उत्तर सापडले. आकार खरोखरच निम्म्याहून कमी झाला आणि गोळा माझ्या छोट्या सॅकमध्ये मावला. परंतु गोल आणि टणक वस्तू सॅकमध्ये ठेवली की तिच्या भोवतीची जागा वाया जाते आणि तो फुगवटा थेट कण्याला टोचत राहतो. शिवाय बाकीचे सामान त्या गोळ्याच्या खाली किंवा वर हेलकावत राहते. त्याहून मोठी चूक मचाणाच्या बुंध्याशी उघड झाली. आठवडाभर आधीच भरून ठेवलेला तो जोड बाहेर काढला तेव्हा चुरगळलेल्या कागदासारखा चपटा होता. काढून टाकलेली हवा परत यायला वेळ लागतो, आणि कृत्रिम तंतूंना पुन्हा पुन्हा असे चेपले तर ती पूर्वीइतकी परतत नाही. पिसांचा थर यातून बराच सावरतो, पण पिसे भिजली की संपली, आणि पिसांच्या कपड्यांचे बाहेरचे गुळगुळीत कापड सळसळते, त्यामुळे तो पर्याय मी विचारातही घेतला नाही. आवाजाचेही वेगळेच प्रकरण झाले. पिशवीची बक्कले घरात ऐकू येत नाहीत. पहाटेच्या शांततेत त्यांची टकटक आणि वेलक्रो उघडतानाचा चर्र आवाज असा घुमला की मी पुढची पाच मिनिटे नुसती उभी राहिले.

या तिसऱ्या फजितीनंतर मी प्रश्न उलटा केला. कपडे लहान करण्याचा हट्ट सोडला आणि त्यांना लागेल तेवढी मोठी जागा द्यायची असे ठरवले. आपल्याला लहान सॅक हवीशी वाटते, कारण मोठी सॅक म्हणजे जड ओझे अशी मनात गाठ बसलेली असते. पण मोठी सॅक अर्धी हवेने भरलेली असेल तर ती जड नसते, केवळ मोठी असते. मी सत्तर लिटरची, धातूची चौकट आणि रुंद कंबरपट्टा असलेली सॅक घेतली. तिच्या चौकटीपासून पिशवी थोडी सुटी करता येते आणि मधल्या फटीत एखादी अवजड वस्तू पट्ट्यांनी आवळून बसवता येते. ही सोय मांस वाहून आणण्यासाठी केलेली असते. त्याचा उल्लेख पुढे येईल.

या सॅकमध्ये विजार आणि जाकीट घडी न घालता, दोन्ही हातांनी कोंबून भरायचे असतात. घड्यांमुळे कोपरे आणि पोकळ्या तयार होतात; कोंबलेला कपडा उरलेल्या सामानाभोवती आपोआप बसतो आणि थर्मास, दोरी, दुर्बीण यांना गादीसारखा आधार देतो, त्यामुळे काहीही खडखडत नाही. भरण्याचा क्रम मला दोनदा चुकल्यावर समजला. जे आधी लागणार ते सर्वांत शेवटी, म्हणजे वर भरायचे. माझ्या बाबतीत सर्वांत वर कोरडी लोकरीची बनियन, तिच्याखाली झाडावर वापरायचे सुरक्षापट्टे, मग विजार, मग जाकीट, आणि तळाशी जाड हातमोजे व कानटोपी. जड वस्तू पाठीलगत आणि मध्यभागी राहाव्यात, कपडे बाहेरच्या अंगाला, म्हणजे भार शरीराजवळ राहतो आणि हेलकावा जातो. सगळे आतच राहते, त्यामुळे फांद्यांना धरायला काही उरत नाही आणि दवाने कपडे ओले होत नाहीत. वासाचाही फायदा होतो. हरणाचे नाक त्याच्या डोळ्यांपेक्षा अधिक धोक्याचे असते, आणि चालतानाचा घाम ज्या कपड्यांना लागलाच नाही ते कपडे मचाणावर तुलनेने निर्गंध राहतात.

मध्यंतरी मी गिली सूटच्या मोहातही पडले होते, तेही सांगून टाकते. स्कॉटलंडमध्ये शिकारीच्या वेळी सोबत जाणाऱ्या सेवकांना गिली म्हणत, आणि हरणाजवळ सरकण्यासाठी अंगावर झाडोरा घेण्याची त्यांची पद्धत होती. १९०० साली दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धासाठी उभारलेल्या लोव्हाट स्काउट्स या ब्रिटिश पलटणीत अशीच डोंगराळ भागातली, या कामात मुरलेली माणसे भरती झाली आणि पुढे हा वेश सैन्यात रूढ झाला. जाळीवर गोणपाटाचे दोरे आणि चिंध्या बांधून तयार केलेला असा वेश मी कुणाकडून वापरून पाहण्यासाठी आणला. जमिनीवर, झुडपात बसायचे असेल तर त्याच्यासारखे दुसरे काही नाही. तो घालून मी आमच्याच अंगणाच्या कडेला बसले तर मुलाला मी सापडेना. पण वाहून नेण्याच्या दृष्टीने तो एक वैताग आहे. तो सॅकच्या चेनमध्ये अडकतो, स्वतःमध्येच गुंततो, वाटेतली प्रत्येक काडी उचलून आणतो आणि गोणपाट पाणी पिते म्हणून पाऊस पडला की परतताना दुप्पट झाल्यासारखा वाटतो. तागाचे दोरे भराभर पेट घेतात, त्यामुळे शेकोटी किंवा स्टोव्हजवळ तो अंगावर असणे धोक्याचे. न्यायचाच असेल तर जाळीच्या सैल पोत्यात, आतली बाजू बाहेर करून न्यावा, हे मला तो परत करण्याच्या दिवशी सुचले. मचाणावर, जमिनीपासून पाच मीटर उंचीवर, त्याचा उपयोगही नाही. त्याच्या लोंबत्या चिंध्या धनुष्याच्या दोरीत येतात.

आता माझी पहाट अशी असते. गाडीपाशी मी एक पातळ लोकरीची बनियन, वाऱ्याला अडवणारी हलकी विजार आणि केशरी बंडी एवढ्यावर उभी राहते, आणि सुरुवातीची पाच मिनिटे मला थंडी वाजते. ती वाजलीच पाहिजे. निघताना सुखद वाटत असेल तर अंगात एक कपडा जास्त आहे असे समजून मी तो काढते. चाल मुद्दाम मंद ठेवते. अडीच किलोमीटरला मी पूर्वी पस्तीस मिनिटे घेत असे, आता तासभर घेते, आणि चढावर तर नाकाने श्वास घेता येईल इतक्याच वेगाने चालते. तोंड उघडावे लागले की थांबायचे. पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहत असते, आमची वाट चढाची, त्यामुळे वारा पडलेला असला तर माझा वास मागे, गाडीच्या बाजूला जातो. ऊन लागले की हवा उलटून वर चढू लागते, म्हणून त्याआधी बसून स्थिर होणे आवश्यक असते आणि हा मंद चालीचा तास घरून लवकर निघूनच काढावा लागतो. रात्रीची झोप गेली तर गेली.

मचाणाच्या दीडशे पावले अलीकडे एक आडवे पडलेले जाड खोड आहे. ते माझे कपडे बदलण्याचे ठिकाण. पोहोचताच काहीही चढवायचे नाही, हा नियम मला स्वतःवर बराच लादावा लागला. सॅक उतरवून आठ-दहा मिनिटे नुसते उभे राहायचे, अंगातली वाफ जाऊ द्यायची, आणि अंग गार पडायला सुरुवात झाली की ओली बनियन काढून कोरडी घालायची. त्या थंडीत उघड्या अंगाने काढलेली ती पंधरा सेकंदे ही साऱ्या दिवसातली सर्वांत नकोशी, पण पुढचे चार तास त्या पंधरा सेकंदांवर उभे असतात. ओली बनियन तोंड बांधलेल्या वेगळ्या पिशवीत जाते. मग सुरक्षापट्टे, मग विजार, मग जाकीट. विजारीच्या दोन्ही पायांना बाहेरच्या बाजूने कमरेपर्यंत चेन असणे किती मोलाचे आहे हे बूट न काढता ती चढवताना कळते. माझ्या पहिल्या विजारीला चेन फक्त गुडघ्यापर्यंत होती, आणि अंधारात एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायाचा बूट काढताना मी दोनदा पाचोळ्यात बसले आहे. जाकिटाच्या पाठीवर, मानेखाली एक झाकलेली चीर असते. तिच्यातून सुरक्षापट्ट्यांचा दोर बाहेर घेता येतो. ती चीर कशासाठी असते हे मला पहिल्या हंगामात माहीत नव्हते आणि मी ती उसवली आहे असे समजून शिवून टाकली होती.

अनेक जण कपडे वर, मचाणावर गेल्यावर घालतात. बुंध्याशी कमी आवाज होतो आणि चढताना घाम येत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे आणि ते चुकीचे नाही. मी हे एकदाच केले. हातभर रुंदीच्या फळीवर उभी राहून, एक पाय विजारीत आणि दुसरा हवेत, अशा अवस्थेत माझा तोल गेला. दोर झाडाला बांधलेला होता म्हणून फक्त गुडघा सोलवटला. तेव्हापासून हातमोजे आणि कानटोपी सोडून सगळे खालीच चढवते. जमिनीवरून पाय उचलण्याआधी दोर झाडाच्या सुरक्षादोरीत अडकवलेला असतो, हात रिकामे असतात, आणि सॅक व धनुष्य वर जाऊन बसल्यावर दोरीने ओढून घेते. बाण भात्यात, पाती झाकलेली. ओझे पाठीला लावून चढायचे नाही, कारण फुगीर सॅक शिडीवरच्या माणसाला मागे ओढते. सॅक ओढताना ती खोडावर घासू नये म्हणून तिला झाडाच्या फांद्या नसलेल्या बाजूने लटकत वर आणावे लागते. वर आल्यावर रिकामी झालेली सॅक मी आसनामागे खोडाला उभी बांधते, आणि ती पाठीला वाऱ्यापासून आडोसा देते. ही एक अनपेक्षित कमाई म्हणायची.

परतताना हेच सारे उलट्या क्रमाने करावे लागते, आणि इथे कंटाळा आड येतो. उन्हे वर आलेली असतात, हात बधिर असतात, आणि वाटते की आता घामाची काय पर्वा, तशीच चालत जाऊ. मी काही वेळा तशी गेले आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे तोच जोड ओलसर आणि वासाचा निघाला की पश्चात्ताप होतो. त्यामुळे खाली उतरताच जोड सॅकमध्ये, अंगावर पातळ कपडे, वरून केशरी बंडी. घरी आल्यावर सॅक रिकामी करून जोड ओट्यांपासून आणि तळणाच्या वासापासून दूर, वारा लागेल अशा ठिकाणी टांगायचा, आणि हंगाम संपल्यावर न दाबता, मोकळ्या डब्यात सैल ठेवायचा.

गेल्या हंगामाच्या अखेरीस, सकाळी नऊच्या सुमारास, एक धष्टपुष्ट मादी हरीण ओढ्याकडून आली आणि अठरा पावलांवर आडवी उभी राहिली. बाण लागल्यावर मी अर्धा तास जागची हलले नाही. ती ऐंशी पावलांवर पडलेली सापडली. फाडण्या-कापण्याचे काम मी पातळ कपड्यांतच केले, आणि काम उरकल्यावर माझ्यासमोर ओळीने पिशव्यांत वीसेक किलो मांस होते. दीर त्या दिवशी गावाबाहेर होते. तेव्हा प्रथमच लक्षात आले की दोन हंगाम खपून मी जी व्यवस्था बसवली होती, तिच्यात शिकार मिळेल ही शक्यता धरलेलीच नव्हती. चौकटीच्या फटीत मांस आवळून बसले, पण वर सत्तर लिटरची कपड्यांची फुगलेली पिशवी तशीच ठेवली, तर तो डोलारा घेऊन ओढा ओलांडणे मला शक्य नव्हते. वजनापेक्षा उंची पुन्हा आड आली.

मी जाकीट आणि विजार काढून केशरी कापडात बांधली, मचाणाच्या दोरीने वर ओढून फांदीला टांगली आणि मांस घेऊन उतरले. पिशव्या गाडीतल्या बर्फाच्या पेटीत ठेवल्या, थोडे पाणी प्यायले आणि रिकामी चौकट पाठीला लावून पुन्हा तो चढ चढले. दुसऱ्यांदा पोहोचले तेव्हा दुपार कलली होती, ओढ्यावर सावली पडली होती आणि वारा सुटला होता. गाठोडे फांदीवर संथ हेलकावे घेत होते. ते खाली घेतले, सोडले, आणि विजार सॅकमध्ये कोंबून जाकीट अंगात घातले, वर बंडी चढवली. पाठ हलकी होती, वाट उताराची होती, अंग दमून गार पडले होते. त्या वाटेवरून ते जाकीट घालून मी गाडीपर्यंत आले आणि चेन एकदाही उघडावी लागली नाही.